जुन्या क्लस्टरमध्ये नवा सर्व्हर घातला. व्हीएम तिकडं गेल्या, आता परत येईनात

काट्यावरचा_माणूस | मंगळवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं कॉम्प्युटर खातं माझ्याकडं आहे. खातं म्हणजे मी, एक ऑपरेटर पोरगं आणि सर्व्हर रूमचा एसी. त्यातला एसी सध्या आजारी आहे.

आमच्याकडं २०१४ ला घेतलेले दोन सर्व्हर आहेत, दोन्हींत इंटेलचा झिऑन ई५-२६२० व्ही२ प्रोसेसर. व्हीएमवेअरचं (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवायचं सॉफ्टवेअर) इसेन्शियल्स प्लस लायसन, कायमचं घेतलेलं, ईएसएक्सआय ७.० वर (त्याचा थेट सर्व्हरवर बसणारा भाग). स्टोरेज सामायिक. खरं तर हे सर्व्हर केव्हाच बदलायचे होते. पण २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या सालात शिवारात ऊसच नव्हता, सर्व्हरचं नाव कोण काढतंय? पुढं दरवर्षी 'हंगाम होऊ द्या, मग बघू' असंच चाललं. शेवटी यंदा गाळपाच्या तोंडावर एक नवा सर्व्हर मंजूर झाला. दोन मागितले होते. झिऑन सिल्व्हर ४३१४ आहे, तिसरा होस्ट (व्हीएम चालवणारा सर्व्हर) म्हणून त्याच क्लस्टरमध्ये (एकत्र बांधलेल्या होस्टच्या गटात) घातला. लायसन तीन होस्टपर्यंत चालतं, म्हणून तिथं खर्च आला नाही.

घातल्यावर मी चाचणी केली होती, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही तेच विचाराल. हजेरीची व्हीएम चालू असतानाच जुन्यावरून नव्यावर नेली. गेली. परत आणली. आली. म्हटलं झालं काम.

मागच्या शुक्रवारी पहाटे यूपीएस उडाला. दोन्ही जुने सर्व्हर त्या एकाच यूपीएसवर होते (माझी चूक, मान्य). नवा दुसऱ्या यूपीएसवर होता, तो वाचला. एचएनं (होस्ट पडला की त्यावरच्या व्हीएम दुसऱ्यावर उठवणारी सोय) सगळ्या ११ व्हीएम नव्यावर उठवल्या. उसाच्या गाड्यांचा वजनकाटा सात-आठ मिनिटं बंद राहिला, तेवढ्या वेळात स्लिपा हातानं लिहिल्या. एचए किती कामाचं आहे ते त्या दिवशी एमडी साहेबांना पहिल्यांदा पटलं.

आता अडचण. दोन्ही जुने परत चालू झालेत आणि रिकामे बसलेत. नव्यावर मेमरीची वॉर्निंग यायलीय, एका मॉड्यूलमध्ये दुरुस्त होणाऱ्या चुका वाढायल्यात. वॉरंटीतला इंजिनिअर म्हणतो मॉड्यूल बदलून देतो, पण सर्व्हर बंद करून द्या. म्हणून व्हीएम जुन्यावर न्यायला गेलो, तर एकही जाईना. एरर म्हणते की ज्या होस्टवर न्यायचंय त्याचा प्रोसेसर या व्हीएमला लागणाऱ्या सुविधा देत नाही. हजेरीचीही जाईना, जी मागं गेली पण होती आणि आली पण होती!

गाळप जोरात आहे. यार्डात ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत आलीय. काटा बंद ठेवायला कोणी तयार नाही. काय करू?

लोखंडी_जालना | मंगळवार, रात्री ११:३२

दोन्ही जुने एकाच यूपीएसवर हे वाचून पोटात कालवलं. बाकी उत्तर जाणकार देतीलच.

बालाघाट | मंगळवार, रात्री ११:४८

भाऊ, आधी तीन गोष्टी सांगा, मग बोलू.

क्लस्टरच्या सेटिंगमध्ये ईव्हीसी (वेगवेगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर जुळवून घेणारी सोय) चालू आहे का बंद? व्हीसेंटर (सगळ्या होस्टचा कारभार बघणारं सॉफ्टवेअर) त्याच क्लस्टरमध्ये व्हीएम म्हणून चालतो का वेगळ्या मशीनवर? आणि नेटवर्कला साधे स्टँडर्ड स्विच आहेत का डिस्ट्रिब्युटेड (व्हीसेंटरमधून सांभाळले जाणारे)?

काट्यावरचा_माणूस | मंगळवार, रात्री ११:५५

ईव्हीसी 'डिसेबल्ड' दिसतंय. व्हीसेंटर त्याच ११ पैकी एक, म्हणजे तोही नव्यावर. स्विच साधे.

बालाघाट | बुधवार, रात्री १२:४०

वाटलंच होतं. तुमची चाचणी खोटी नव्हती, पण ती चुकीच्या वेळी केली. नीट सांगतो, कारण इथं वाचणाऱ्या निम्म्या लोकांकडं हीच परिस्थिती असणार.

व्हीएम पॉवर ऑन होते त्या क्षणी हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारं खालचं सॉफ्टवेअर, तुमच्याकडं ईएसएक्सआय) तिला प्रोसेसरच्या सुविधांची यादी देतो. गेस्टमधली (म्हणजे व्हीएमच्या आतली) ऑपरेटिंग सिस्टिम आणि आतले प्रोग्राम सीपीयूआयडी या सूचनेनं ती यादी वाचतात आणि त्यानुसार आपला कोड निवडतात. तुमच्याच काट्याचं उदाहरण घ्या. गाडी आत येताना एकदा वजन झालं, स्लिप मिळाली. गाडी गेटबाहेर पडेपर्यंत तीच स्लिप खिशात. गाडी यार्डात या टोकाहून त्या टोकाला गेली म्हणून स्लिप बदलत नाही.

तुमची हजेरीची व्हीएम जुन्या सर्व्हरवर चालू झाली होती, म्हणून तिच्या खिशात आयव्ही ब्रिजची स्लिप होती (व्ही२ म्हणजे आयव्ही ब्रिज पिढी). ती नव्यावर गेली. नवा आइस लेक आहे, त्याला जुन्याचं सगळं येतं, म्हणून गेली. परत येतानाही स्लिप जुनीच, म्हणून आली.

शुक्रवारी काय झालं? एचए लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम तशीच हलवणं) करत नाही. बंद पडलेली व्हीएम दुसऱ्या होस्टवर नव्यानं पॉवर ऑन करतो, त्यामुळं प्रोसेसर जुळतो का नाही हा प्रश्नच तिथं येत नाही. ११ व्हीएम आइस लेकवर नव्यानं उठल्या आणि प्रत्येकीला आइस लेकची नवी स्लिप मिळाली. त्यात एव्हीएक्स२ आहे, एव्हीएक्स-५१२ आहे (हे प्रोसेसरच्या नव्या सूचनांचे संच), आणखी बरंच. आयव्ही ब्रिजकडं यातलं काहीच नाही. एव्हीएक्स२ हॅसवेलपासून आलं, म्हणजे तुमच्या जुन्याच्या पुढच्या पिढीत. चालती व्हीएम तिकडं ढकलली असती तर पहिल्याच एव्हीएक्स२ च्या सूचनेला प्रोग्राम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून कोसळला असता. व्हीसेंटर तुम्हाला अडवतोय ते तुमच्या भल्यासाठीच.

नवखा_परभणी | बुधवार, सकाळी ८:१५

मग व्हीएम आतून रिस्टार्ट केली तर नवीन स्लिप मिळत नाही का?

बालाघाट | बुधवार, सकाळी ८:४०

नाही, आणि इथंच बहुतेक लोक फसतात. विंडोजमधून रिस्टार्ट म्हणजे गाडीनं यार्डातच वळण घेतलं. होस्टवरची व्हीएमची प्रक्रिया चालूच राहते, यादी तीच. पूर्ण पॉवर ऑफ करून पॉवर ऑन केल्यावरच नवी स्लिप. एक सोय आहे: व्हीएमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'व्हीएमएक्स.रीबूट.पॉवरसायकल' ही ओळ 'ट्रू' करून ठेवली की गेस्टनं पुढच्या वेळी स्वतः रिस्टार्ट घेतला की तो पूर्ण पॉवर सायकल म्हणून धरला जातो. विंडोजच्या महिन्याच्या अपडेटसोबत आपोआप काम होतं. पण त्याचा उपयोग पुढं, आत्ता तुम्हाला नाही. ज्या होस्टवर उठेल त्याचीच स्लिप मिळणार ना!

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ९:०५

नांदेडहून. आमच्या कॉलेजात प्रॉक्समॉक्स (व्हीएमवेअरसारखंच व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) आहे, तिथं हाच खेळ वेगळ्या नावानं चालतो. प्रत्येक व्हीएमला सीपीयू टाइप द्यावा लागतो. आधीच्या माणसानं सगळ्यांना 'होस्ट' दिला होता, म्हणजे खालच्या प्रोसेसरला जे येतं ते सगळं व्हीएमला. वेगाला उत्तम, पण नोड (म्हणजे होस्ट) वेगवेगळ्या पिढ्यांचे असले की लाइव्ह मायग्रेशन म्हणजे जुगार. व्हीसेंटर निदान अडवतो. आमच्याकडं मायग्रेशन 'ओके' म्हणून संपलं आणि व्हीएम तिकडं जाऊन गोठली. परीक्षेचे फॉर्म भरणं चालू होतं.

नंतर सगळ्यांना 'एक्स८६-६४-व्ही२-एईएस' केलं. प्रॉक्समॉक्स ८ पासून नवीन व्हीएमला तोच डीफॉल्ट येतो. त्याआधी 'केव्हीएम६४' यायचा, तो फारच जुनाट. त्याच्यावर अल्मालिनक्स ९ (रेडहॅटच्या घराण्यातलं लिनक्स) टाकायला गेलो तर बूट होतानाच कर्नल पॅनिक, कारण रेडहॅट ९ च्या घराण्याला सुविधांची निदान एक्स८६-६४-व्ही२ पातळी लागते (झिऑनच्या नावातला व्ही२ वेगळा) आणि केव्हीएम६४ मध्ये एसएसई४.२ हा त्यातला सूचनांचा संच सुद्धा दिसत नाही. दोन दिवस आयएसओच खराब आहे म्हणून तिसऱ्यांदा डाउनलोड करत बसलो होतो.

मोसंबीवाला | बुधवार, सकाळी ९:३०

इतका खटाटोप कशाला? जुने दोन्ही भंगारात घाला, आणखी एक नवा घ्या. बारा वर्षांच्या सर्व्हरला किती दिवस सलाइन लावणार?

काट्यावरचा_माणूस | बुधवार, सकाळी ९:५०

मोसंबीवाले दादा, तुमच्या तोंडात साखर पडो, आमच्याकडं भरपूर आहे. पण खरेदी समिती, तीन कोटेशनं, मग संचालक मंडळाची बैठक. हंगामात तिथं टर्बाइनच्या बेअरिंगची फाइल आधी जाते, सर्व्हरची नंतर. आणि ते बरोबरच आहे, गव्हाण बंद पडली तर मी सर्व्हर कशाला चालवू?

बालाघाट सर, मग आता? इंजिनिअर शनिवारी यायचंय म्हणतोय.

बालाघाट | बुधवार, दुपारी १:२०

'सर' नको, आपण एकाच जातीचे मजूर. दुपारच्या डब्यावर बसून लिहितोय, चुकलं तर लोक दुरुस्त करतीलच.

ईव्हीसी म्हणजे एन्हान्स्ड व्हीमोशन कम्पॅटिबिलिटी (व्हीमोशन हे व्हीएमवेअरच्या लाइव्ह मायग्रेशनचं नाव). क्लस्टरला एक पातळी ठरवून द्यायची, तुमच्या बाबतीत आयव्ही ब्रिज. मग त्या क्लस्टरमधला कुठलाही होस्ट, कितीही नवा असला तरी, व्हीएमला आयव्ही ब्रिजपुरतीच स्लिप देतो. पातळी ठरते सगळ्यात जुन्या होस्टवरून. बैलगाडीची जोडी कमजोर बैलाच्या चालीनंच चालते.

पण चालू असलेल्या व्हीएमची स्लिप पातळीपेक्षा जास्तीची असेल तर ईव्हीसी चालू करू देत नाही. त्या आधी बंद तरी कराव्या लागतात, नाहीतर बाहेर न्याव्या लागतात. तुमच्या तर सगळ्याच जास्तीच्या आहेत, आणि त्यातला एक खुद्द व्हीसेंटर. ईव्हीसी लावायला व्हीसेंटर चालू लागतो आणि व्हीसेंटर चालू असला की ईव्हीसी लागत नाही. ही गाठ अशी सोडवायची:

पहिलं काम व्हीसेंटरचं. त्याला व्यवस्थित शटडाउन करा. मग ब्राउझरमधून थेट नव्या होस्टवर लॉगिन होऊन त्याची व्हीएम तिथून 'अनरजिस्टर' करा. नीट वाचा, अनरजिस्टर. डिस्कवरून डिलीट नव्हे. मग जुन्या होस्टवर थेट लॉगिन करून सामायिक स्टोरेजमधली त्याची व्हीएमएक्स फाइल (व्हीएमच्या सेटिंगची फाइल) 'रजिस्टर' करा आणि पॉवर ऑन. हलवली का कॉपी केली असं विचारलं तर 'हलवली' म्हणा. साधे स्विच आहेत म्हणून नेटवर्कचा प्रश्न येणार नाही. व्हीसेंटर वर यायला दहा-पंधरा मिनिटं घेतो, घाबरू नका. या वेळात बाकीच्या व्हीएम चालूच असतात, काटाही चालू. ही गोष्ट लोकांना खरी वाटत नाही, पण व्हीसेंटर बंद असला म्हणून व्हीएम बंद पडत नाहीत.

आता व्हीसेंटरच्या खिशात जुनी स्लिप आली. मग बाकीच्या १० एकेक करून: गेस्ट शटडाउन, जुन्या होस्टवर कोल्ड मायग्रेशन (बंद असताना हलवणं), पॉवर ऑन. स्टोरेज सामायिक असल्यानं डिस्क हलत नाही, मायग्रेशनला काही सेकंदच लागतात. खरा वेळ जातो तो विंडोज बंद होऊन परत चालू होण्यात. काट्याच्या व्हीएमला पाच-सात मिनिटं धरा.

नवा रिकामा झाला की मेंटेनन्स मोडमध्ये टाका, मेमरी बदला. तो बाहेर असतानाच क्लस्टरला ईव्हीसी आयव्ही ब्रिज लावा. मग नवा आत घ्या. त्यानंतर सगळं चालू व्हीएमवर इकडून तिकडं होईल, पुढच्या वेळी एचएनं कुठंही उठवलं तरी.

नवखा_परभणी | बुधवार, दुपारी २:०५

इतके पैसे मोजून घेतलेल्या नव्या सर्व्हरला बारा वर्षं जुना करून ठेवायचं? मग घेतला कशाला?

बालाघाट | बुधवार, दुपारी २:३०

चांगला प्रश्न. ईव्हीसी घड्याळ कमी करत नाही, कोअर कमी करत नाही, कॅश आणि मेमरीचा वेगही तोच राहतो. झाकल्या जातात त्या फक्त नव्या सूचना. काटा, ऊसनोंद, पंधरवड्याची बिलं, हजेरी यांना एव्हीएक्स-५१२ दिसलं काय आणि न दिसलं काय, फरक शून्य. एन्क्रिप्शनला लागणारं एईएस-एनआय वेस्टमिअर या आयव्ही ब्रिजच्या आधीच्या पिढीपासूनच आहे, ते आयव्ही ब्रिजमध्येही दिसतं. व्हिडिओ एन्कोडिंग किंवा मशीन लर्निंग चालवत असाल तर मात्र झळ बसेल, आणि चांगलीच बसेल.

एका जागी थोडं लागतं ते प्रामाणिकपणे सांगतो. इनव्हीपीसीआयडी नावाची सूचना हॅसवेलपासून आली. २०१८ च्या मेल्टडाऊन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा दोषाच्या पॅचचा भार तिच्यामुळं हलका होतो. आयव्ही ब्रिजचा मुखवटा घातला की ती झाकली जाते. डेटाबेसला किंचित जाणवू शकतं. पण तुमच्या व्हीएम परवापर्यंत खऱ्या आयव्ही ब्रिजवरच चालत होत्या ना, तिथं काय वेगळं होतं?

लोखंडी_जालना | बुधवार, सायंकाळी ६:४५

आमच्याकडं रोलिंग मिलला मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही. तिथं व्हीएमच्या प्रोसेसर सेटिंगमध्ये एक चौकट असते, 'वेगळ्या आवृत्तीच्या प्रोसेसरवर मायग्रेट करू द्या' अशा अर्थाची. ती टिक करायला व्हीएम बंद असावी लागते. जुन्या विंडोज सर्व्हरमध्ये ही चौकट फारच कंजूष होती, होस्ट कितीही नवे असले तरी व्हीएमला अगदी किमान सुविधा द्यायची. २०२५ च्या आवृत्तीत क्लस्टरमधल्या सगळ्या होस्टना सामायिक काय येतं ते बघून जास्तीत जास्त देतात. इंटेल आणि एएमडी मात्र तिथंही एकमेकांत चालत नाहीत.

मोसंबीवाला | बुधवार, सायंकाळी ७:१०

अरे हो, एएमडी! पुढचा सर्व्हर त्यांच्या एपिक प्रोसेसरचा घेतला तर तेवढ्याच पैशात जास्त कोअर येतात म्हणे. आमचा डीलर रोज मागं लागलाय.

बालाघाट | बुधवार, सायंकाळी ७:२५

एपिक चांगलाच आहे. पण इंटेलच्या क्लस्टरमध्ये एक एपिक घालाल तर त्याच्याशी लाइव्ह मायग्रेशन विसरा, ईव्हीसी दोन कंपन्यांमध्ये पूल बांधत नाही. बंद करून न्या, चालेल. घ्यायचेच असतील तर सगळे एपिक घ्या, वेगळा क्लस्टर करा आणि एका रात्री व्हीएम बंद करून तिकडं न्या. डीलर हे सांगणार नाही, त्याला एकच विकायचाय.

सर्व्हररूमचा_पंखा | बुधवार, रात्री ९:००

हंगामात हे सगळं करण्यापेक्षा व्हीएमची फाइल उघडून सीपीयूआयडीचे मास्क (कुठल्या सुविधा झाकायच्या त्याच्या ओळी) हातानं लिहिता येतात. मी एकदा केलंय. पाच मिनिटांचं काम.

बालाघाट | बुधवार, रात्री ९:२०

पंखासाहेब, येतं, नाही असं नाही. पण मास्क लागू व्हायलाही पॉवर ऑफ-ऑन लागतंच, मग वाचलं काय? एक बिट चुकला तर व्हीएम चालेल आणि आठ दिवसांनी भलत्याच वेळी पडेल. ११ व्हीएमच्या फायली, आणि तुम्ही सुट्टीवर असताना ते दुसऱ्याला कळणार कसं? ईव्हीसी क्लस्टरवर लिहिलेलं असतं, कोणीही बघू शकतो.

सर्व्हररूमचा_पंखा | बुधवार, रात्री ९:२८

मान्य. माझ्या त्या व्हीएमचं पुढं काय झालं ते विचारू नका.

नवखा_परभणी | बुधवार, रात्री ९:४०

व्हीस्फिअर (ईएसएक्सआय आणि व्हीसेंटर मिळूनचं नाव) ६.७ पासून प्रत्येक व्हीएमला वेगळं ईव्हीसी देता येतं असं वाचलं. ते नको का?

बालाघाट | बुधवार, रात्री ९:५५

येतं. व्हीएमचं हार्डवेअर व्हर्जन १४ किंवा पुढचं लागतं आणि तेही व्हीएम बंद करूनच लावायचं. व्हीएम एका क्लस्टरमधून दुसऱ्यात, एका डेटा सेंटरमधून दुसऱ्यात नेत राहायची असेल तेव्हा ते कामाचं, कारण मुखवटा व्हीएमच्या सोबत जातो. तीन होस्टच्या कारखान्याला क्लस्टरचंच बरं.

गोदाकाठ | बुधवार, रात्री १०:१५

एक खोच राहिली. आयव्ही ब्रिजची पातळी म्हणजे लिनक्सच्या भाषेत एक्स८६-६४-व्ही२. रेडहॅट १० ला व्ही३ लागतं, म्हणजे एव्हीएक्स२ दिसायलाच हवं. या क्लस्टरमध्ये तो बूटच होणार नाही, नव्या सर्व्हरवर ठेवला तरी! अल्मालिनक्स १० नं व्ही२ साठी वेगळी आवृत्ती काढलीय, तेवढा एक आडमार्ग आहे. मोंगोडीबी हा डेटाबेस ५.० पासून पुढं एव्हीएक्स मागतो, पण ते आयव्ही ब्रिजला येतं, तिथं वाचलात.

काट्यावरचा_माणूस | बुधवार, रात्री १०:३०

हे आधी कुठंच वाचलं नव्हतं. पुढच्या वर्षी ऊसनोंदीचं नवं सॉफ्टवेअर येणार आहे, त्यांनी लिनक्सच सांगितलंय. कुठली आवृत्ती ते उद्याच विचारतो. जुने सर्व्हर काढायला मंडळापुढं ठेवायला चांगलं कारण मिळालं. 'जुने झालेत' म्हटलं की सगळे हसतात. 'नवं सॉफ्टवेअर चढणार नाही' म्हटलं की फाइल हलते.

बालाघाट | बुधवार, रात्री १०:५०

आणखी एक ठेवा. व्हीस्फिअर ७ चा नेहमीचा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. नव्या आवृत्त्या जुने प्रोसेसर सोडत जातात, ७.० नं वेस्टमिअर सोडला तसं. आणि ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये कायमची लायसन विकणं बंद केलं. आता वर्गणी आहे, कोअरवर मोजून, आणि प्रत्येक प्रोसेसरला किमान १६ कोअर धरतात. पुढचा सर्व्हर घ्याल तेव्हा प्रोसेसर, हायपरव्हायझर आणि लायसन तिन्ही एकाच कागदावर मांडा.

आणि काम करण्याआधी तिन्ही होस्टचं बायोस बघा. एकसारखं मॉडेल म्हणजे एकसारखा प्रोसेसर असं धरू नका. २०१८ ला स्पेक्टरचे (मेल्टडाऊनसारखाच दोष) पॅच आले तेव्हा माझ्याकडं दोन सर्व्हर होते, एकाच खोक्यातून निघालेले म्हणा. एकाला नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) टाकला, दुसऱ्याचा राहिला. पहिल्यावर उठलेल्या व्हीएमना आयबीआरएस वगैरे नवे बिट दिसायला लागले, दुसऱ्यावर जाईनात. डोकं बडवून घेतलं, कारण कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे. ईव्हीसी असता तर सगळे होस्ट पॅच होईपर्यंत ते बिट त्यानं झाकून ठेवले असते. तुमच्या दोन जुन्यांची आवृत्ती एकच आहे ना? आणि नव्याच्या बायोसमध्ये एईएस आणि एक्सडी (मेमरीच्या सुरक्षेची सोय) चालू आहे ना? बंद असलं तर तो ईव्हीसीच्या क्लस्टरमध्ये येणारच नाही.

काट्यावरचा_माणूस | गुरुवार, सकाळी ११:००

बघितलं. दोन जुन्यांचं बायोस वेगळं निघालं! एकाचा मदरबोर्ड वॉरंटीत असताना बदलला होता, तेव्हापासूनच. आज रिकामेच आहेत म्हणून दोन्ही सारखे करून घेतले. नव्यात दोन्ही चालू आहे.

मुहूर्त ठरला. उद्या शुक्रवारी जनरल क्लीनिंगसाठी गाळप बंद आहे. काट्यावर गाड्या येतात, पण गर्दी नसते. शेतकी अधिकाऱ्यांना सांगितलं, दहा मिनिटं द्या. म्हणाले पंधरा घ्या, पण चहाच्या वेळेला घ्या.

काट्यावरचा_माणूस | शनिवार, रात्री १०:२०

झालं. थोडं सविस्तर लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

शुक्रवारी सकाळी सहाला व्हीसेंटरपासून सुरुवात. अनरजिस्टर करताना हात कापायलेला, कारण मेनूत 'डिलीट' त्याच्या जवळच असतं. ऑपरेटर पोराला मुद्दाम शेजारी उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं. जुन्यावर उठवला. पंधरा मिनिटं म्हणाला होतात, बावीस लागली. त्या बावीस मिनिटांत मी तीन चहा घेतले.

मग लहान व्हीएम आधी. हजेरी, सीसीटीव्हीची नोंद, कॅन्टीन. सगळ्या गेल्या. लेखा विभागाची जेवणाच्या सुट्टीत. काट्याची दुपारी चारला, पाळी बदलताना. बंद केल्यापासून पहिली स्लिप छापेपर्यंत सहा मिनिटं. तीन ट्रॅक्टर थांबले, एका ड्रायव्हरनं 'नेट गेलं काय साहेब' एवढंच विचारलं.

एक मात्र अडली. जुनं वसुलीचं सॉफ्टवेअर असलेली. बंद करूनही मायग्रेशन होईना, म्हटलं आता हिला कुठला प्रोसेसर हवाय? बघितलं तर तिच्या सीडी ड्राइव्हला नव्या सर्व्हरच्या लोकल डिस्कवरची आयएसओ अडकवलेली. मीच अडकवली असणार. काढली, गेली.

आज सकाळी इंजिनिअरनं मेमरी बदलली. नवा बाहेर असतानाच ईव्हीसी आयव्ही ब्रिज लावलं, काही कुरकुर न करता लागलं. दुपारी नवा आत घेतला. आता चाचणी बरोबर क्रमानं केली: हजेरीची व्हीएम नव्यावर नेली, तिथं *पॉवर ऑफ करून पॉवर ऑन केली*, मग चालू असतानाच जुन्यावर परत आणली. आली. काट्याचीही नव्यावर नेली, एकही स्लिप चुकली नाही.

दोन्ही जुने आता वेगवेगळ्या यूपीएसवर आहेत, लोखंडी_जालना यांच्या पोटासाठी.

लोखंडी_जालना | शनिवार, रात्री १०:३५

आता झोप लागेल.

मोसंबीवाला | शनिवार, रात्री १०:५०

अभिनंदन! साखरेचं पोतं कधी पाठवता?

गोदाकाठ | रविवार, सकाळी ९:१०

छान झालं. जुने काढाल तेव्हा ईव्हीसीची पातळी वर न्यायला विसरू नका. वर नेताना चालू व्हीएम बंद कराव्या लागत नाहीत, पण त्यांना नवं काही दिसेल ते पुढच्या पॉवर सायकललाच.

बालाघाट | रविवार, सकाळी ९:३०

आणि तोवर 'व्हीएमएक्स.रीबूट.पॉवरसायकल'ची ओळ लिहून ठेवलीत तर त्यासाठी वेगळी रात्र काढावी लागणार नाही.

नवखा_परभणी | रविवार, सकाळी ११:४०

हा धागा वाचून आमच्याकडं बघितलं. चार होस्ट, दोन हॅसवेल, दोन कॅस्केड लेक (त्याहून नवी पिढी), ईव्हीसी बंद. व्हीमोशन दोन वर्षं चालतंय म्हणून कोणी बघितलंच नाही. आज रविवार आहे, ऑफिसात कोणी नाही. हात घालू का?

बालाघाट | रविवार, सकाळी ११:४५

घालण्याआधी बघा की व्हीसेंटर शेवटचा कुठल्या होस्टवर पॉवर ऑन झालाय. आत्ता कुठं चालतोय ते नव्हे, *उठला कुठं* ते.

नवखा_परभणी | रविवार, दुपारी १२:२०

इव्हेंटमध्ये सापडलं. कॅस्केड लेकवर उठलाय. चहा करून आणतो, मग अनरजिस्टरपासून सुरू करतो.